उजव्या हाताचे चार फेडर

“हात लावू नका!”

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मगदूमसाहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला. ते कन्सोलच्या काठावर कप टेकवायला निघाले होते.

“अगं, कप ठेवतोय नुसता.”

“नको साहेब. मामांनी काल सगळं लावून ठेवलंय. एक नॉब हलला तरी गेलं.”

सुकुमार मगदूम हे स्टुडिओचे मालक. एरवी त्यांच्याशी मी असं बोलले नसते. त्यांनी कप खिडकीत नेऊन ठेवला आणि आमचे रेकॉर्डिस्ट दस्तगीरमामा यांच्या खुर्चीत न बसता माझ्या स्टुलावर बसले. तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं.

“दस्तगीरचा उजवा हात गेला,” ते म्हणाले. “हॉस्पिटलातनंच येतोय. काल जेवताना घास तोंडापर्यंत पोचलाच नाही. पायही ओढतोय. बोलणं तेवढं वाचलं.”

मंगळवारची सकाळ होती ती. साल सत्त्याण्णव, जून महिना, गाव मिरज. मी तेवीस वर्षांची होते.

“म्हणजे परत कधी येतील?”

“डॉक्टर काही सांगत नाहीत. म्हणजे काय ते समज.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “वाजंत्री मास्तरांना सांगतो मी, तुमचं गाणं राहू दे म्हणून. तू शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बोर्ड मोकळा कर. शनिवारी आरत्यांवाले येतायत.”

“आणि रीळ?”

“रीळ पुसायचंच की. नेहमीसारखं.”

आमच्याकडे आठ ट्रॅकची रुंद रिळं दोनच होती, आणि ती नवी मिळत नव्हती. त्यामुळे पद्धत अशी होती की गाण्यातलं प्रत्येक वाद्य या रिळावर वेगवेगळं घ्यायचं, मग कन्सोलवर सगळ्यांचे आवाज जुळवून लहान रिळावर पक्कं गाणं उतरवायचं, आणि मोठं रीळ पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला वापरायचं. शिवाप्पा वाजंत्री मास्तरांच्या ब्रास बँडचं गाणं असंच मोठ्या रिळावर पडून होतं. मामांनी दोन दिवस खपून ते जुळवलं होतं. मंगळवारी सकाळी उतरवायचं होतं. तीच ही सकाळ.

“मी उतरवते,” मी म्हणाले.

“तू?”

“मामांनी लावून ठेवलंय ना सगळं? मला फक्त मशीन चालू करायचंय.”

साहेबांनी चष्मा परत चढवला. “शुक्रवारपर्यंत,” म्हणाले आणि चहा तसाच ठेवून गेले.

तो कन्सोल मिरजेत आला तो माझ्याच बरोबर. मुंबईतला एक स्टुडिओ बंद झाला, त्याचा सोळा चॅनेलचा कन्सोल साहेबांनी उचलला, आणि तो बसवायला कोणीतरी शिकलेलं माणूस हवं म्हणून पेपरात जाहिरात दिली. मी अमरावतीहून फिजिक्स करून आले होते. वर्षभर काम करायचं, मग पीएचडी, असा माझा हिशोब होता. पहिले तीन आठवडे मी आणि मामा जमिनीवर बसून एकेक फेडर स्पिरिटनं धूत होतो. फेडर म्हणजे वर सरकवला की आवाज वाढवणारा आणि खाली ओढला की कमी करणारा दांडा. मग मी प्रत्येक चॅनेलला एक सरळ शिट्टीसारखा आवाज द्यायचे आणि मीटरचा काटा बरोबर शून्यावर येईपर्यंत स्क्रू फिरवायचे.

“ती शिट्टी बंद कर, बाई. सगळ्या गाड्या सुटल्या,” मामा म्हणायचे.

“मग चॅनेल सारखे आहेत हे कसं कळणार?”

“ऐकून. चार नंबर जरा गोरा हाय बघ.”

मी मोजलं. चौथ्या चॅनेलचा वरच्या पट्टीतला आवाज अर्धा डेसिबल जास्त निघाला. तेव्हापासून ते मला ‘सायंटिस्ट’ म्हणायला लागले. स्टुडिओत मला कोणी हाक मारायचं ते एवढंच. बाकी वादक यायचे, काचेच्या पलीकडे हसायचे, डबे खायचे, निघून जायचे. काचेच्या अलीकडे मला त्यांचा श्वासही ऐकू यायचा, पण मी बटण दाबून बोलल्याशिवाय त्यांना माझं काही ऐकू जात नसे. आणि माझ्याकडे बोलण्यासारखं फार काही नसे. काम संपलं की किल्ला भागातली माझी खोली, स्टोव्ह आणि एक रेडिओ.

त्या मंगळवारी मी आलेखाचे कागद घेतले आणि अख्खा कन्सोल उतरवून काढला. प्रत्येक नॉबचं टोक घड्याळाच्या कुठल्या आकड्याकडे आहे ते. प्रत्येक फेडर तळापासून किती मिलिमीटर वर आहे ते. दोनशे अठरा नोंदी झाल्या. मामांनी चॅनेलच्या खाली पांढरी पट्टी चिकटवून त्यावर नावं लिहिली होती : ढोल, ताशा, झांज, बाजा, मग दोन ट्रम्पेट, क्लॅरोनेट, खुळखुळा. बाजा म्हणजे खालचा सूर धरणारा मोठा पितळी कर्णा, आणि क्लॅरोनेट स्वतः मास्तरांची. मी नोंदी दोनदा तपासल्या. मग मशीन चालू केलं, हात मांडीवर ठेवून बसले आणि पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं लहान रिळावर उतरवलं. कशालाही हात लावला नाही. हेच अचूक, असं मला वाटत होतं.

दुपारी शिवाप्पा मास्तर आले. साठीचे, बारीक, मिशा काळ्या केलेल्या. सोबत पुतण्या होता, तो दारातच उभा राहिला. मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि गाणं ऐकलं. शेवट झाल्यावर टोपी परत घातली.

“कसं वाटलं, मास्तर?”

“चांगलं हाय की.”

“खरं सांगा.”

त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “ताई, सगळी वाजवायलेत. पण चालतंय कोण न्हाई. आमचा बँड हाय हो. बसून वाजवणारी मानसं न्हवं ती.”

“पण मामांनी लावलेलं सगळं तसंच आहे. मिलिमीटरही हललेलं नाही.”

“असंल की. मी कुठं न्हाई म्हणतोय?” ते उठले. “मामाला सलाम सांगा. आनि ताई, मला काय ही क्यासेट इकायची न्हाई. पुढच्या लग्नसराईला माझं दात असतील का न्हाई, डाक्टरलाच ठावं. दात गेले की क्लॅरोनेट गेली. घरात एक असू दे म्हणून हा खटाटोप.”

शुक्रवारनंतर ते रीळ राहणार नव्हतं. मी कॅसेटवर प्रत काढली, वॉकमन घेतला आणि हॉस्पिटलात गेले.

मामा खिडकीजवळच्या खाटेवर होते. उजवा हात त्यांच्या बायकोनं, खैरूनमामींनी, उशीवर नीट ठेवला होता, कुणा दुसऱ्याची वस्तू जपून ठेवावी तसा.

“आली बघा तुमची पोरगी,” मामी म्हणाल्या.

“सायंटिस्ट, मोजून बघ गं हा हात,” मामा जरा जड जिभेनं म्हणाले. “करंट येतोय का बघ.”

 मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि कॅसेट सुरू केली. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

“सगळं बरोबर हाय,” ते म्हणाले.

“मास्तर म्हणतात कोणी चालत नाहीये.”

“मास्तर बी बरोबर हाय.”

“दोन्ही कसं बरोबर असेल?”

“तू काय उतरवलंस? सोमवारी मी उठताना फेडर जिथं होतं, ते. गाणं सुरू व्हायच्या आधीचं. मानसं रस्त्यावर उभी राहिल्यात, तोंडाला वाद्य लावल्यात, तेवढंच. पुढं मग हात चालायचं.”

“कोणाचे?”

“माझं! आणि कुणाचं? गाणं संपंस्तवर दोन्ही हात चालूच की. आठ महिनं तू काय बघत होतीस?”

मी काय बघत होते? मशीनचे मीटर. गाणं उतरवताना माझं काम मागच्या भिंतीशी, टेपच्या मशीनपाशी असे. माझी पाठ मामांकडे असायची. ते हालचाल करतात हे मला माहीत होतं, पण किरकोळ दुरुस्त्या करत असतील असं मी धरून चालले होते. जे सेट केलंय ते खरं आणि हलतं ते किरकोळ, हे मी कॉलेजातूनच आणलं होतं.

“कुठला फेडर कधी आणि किती, ते सांगा मला. मी लिहून घेते.”

“तोंडानं कसं सांगू ते?”

“मग करून दाखवा.”

हॉस्पिटलची चादर चौकड्यांची होती. मी एक चौकडी मोजली, दोन सेंटिमीटर. मामांचा डावा हात चादरीवर ठेवला, चार बोटं चार फेडरवर असल्यासारखी : ढोल, ताशा, झांज, बाजा. वॉकमन सुरू केला, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं.

“चला, मामा.”

पहिले वीस सेकंद काही झालं नाही. मग मधलं बोट हळूच अर्धी चौकडी पुढे गेलं आणि परत आलं. त्यानंतर बोटं थांबलीच नाहीत. ढोलाचं बोट दर आठ ठोक्यांनी पुढे रेटायचं आणि लगेच मागे यायचं, पाऊल टाकून तोल सावरावा तसं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ते पुढे पुढेच सरकत गेलं. मला आवाज येत नव्हता. तरी पहिल्यांदाच मला तो बँड चालताना दिसला. मी चार वेळा कॅसेट लावली आणि चारही वेळा सेकंद आणि चौकड्या लिहून घेतल्या. चारही नोंदी जवळजवळ सारख्या होत्या. मला केवढा आनंद झाला!

“आता उजवा,” मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

मामांनी उशीवरच्या हाताकडे पाहिलं. “त्याला इचार.”

“डाव्या हातानं करून दाखवा ना. पाच ते आठचं. ट्रम्पेट, क्लॅरोनेट.”

त्यांनी प्रयत्न केला. डावी बोटं क्लॅरोनेटच्या जागेवर गेली, पण पाचेक सेकंदांत परत ढोलाचंच काम करायला लागली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी हेडफोन काढून बाजूला ठेवला. कपाळावर घाम आला होता.

“ह्याला ठाऊक न्हाई गं ते. तीस वर्सं शेजारी बसला, पण कधी तिकडं बघितलंच न्हाई त्यानं.”

“मग त्या चार फेडरचं मी काय करू?”

“तुझा उजवा चालू हाय न्हवं?”

“मला नाही येत, मामा.”

“माझ्या डाव्याच्या जोडीला तुझा उजवा लाव. आणि ती फूटपट्टी घरी ठेव.”

मामींनी मला जिन्यापर्यंत सोडलं. “पोरी, त्यांना रोज काहीतरी काम आण,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडले होते नुसते.”

बुधवार आणि गुरुवार मी मामांचा डावा हात पाठ केला. ढोल, ताशा, झांज, बाजा. आधी कागद बघून, मग न बघता. गुरुवारी दुपारी त्या हातानं पहिल्यांदा गाणं उतरवलं आणि उजव्या बाजूचे चार फेडर जागचे हलवले नाहीत. ऐकलं तर ढोल-ताशे चालत होते आणि वर ट्रम्पेट, क्लॅरोनेट खुर्चीत बसलेली. खालचं धड एका माणसाचं, वरचं दुसऱ्याचं.

शुक्रवारी सकाळी आठला आले. एकटीनं हे काम करणं म्हणजे मागच्या भिंतीशी जाऊन दोन्ही मशीन सुरू करायची आणि पळत येऊन खुर्चीत बसायचं. मध्ये आठ सेकंद मिळायचे. पहिल्या तीन वेळा मी उजव्या हातालाही तक्ता करून दिला : एवढ्या सेकंदाला एवढं वर. तिन्ही वेळा फुकट गेलं. मास्तर सेकंदांवर वाजवतच नव्हते. वरचा सूर घ्यायच्या आधी ते श्वास घेत, कधी लहान, कधी मोठा, आणि माझा हात तक्त्याप्रमाणे उशिरा किंवा लवकर पोचायचा.

चौथ्या वेळी मी तक्ता पालथा ठेवला. काचेपलीकडचा हॉल रिकामा होता, आठ खुर्च्या, एक विसरलेला रुमाल. का कोण जाणे, मी टॉकबॅकचं बटण दाबलं आणि म्हटलं, “चला मास्तर.” माझा आवाज पलीकडच्या स्पीकरमधून कोणी नसलेल्या खोलीत वाजला. मग आठ सेकंदांची धाव.

या वेळी मी मास्तरांच्या श्वासावर हात ठेवला. श्वास आला की फेडर वर. सूर यायच्या आत. त्यामुळे श्वासही ऐकू यायला लागला, आणि माणूस चालायला लागला. ट्रम्पेट त्याला वाट देत मागे सरकली. बारा वाजेपर्यंत नऊ वेळा गाणं उतरवलं. दहाव्या वेळी शेवटाकडे येताना मामांचा डावा हात, म्हणजे माझा डावा हात, ढोल वर वर नेत होता आणि मला असं वाटलं की उजव्यानं आता खाली यावं. आधी ट्रम्पेट, मग खुळखुळा, आणि सगळ्यात शेवटी क्लॅरोनेट. सुरावट विरत गेली, ढोल तेवढा वाजत राहिला. मामा असा शेवट कधीच करत नसत. त्यांची गाणी ठामपणे संपायची, टाळी मारल्यासारखी. का करतेय हे मला कळत नव्हतं, पण हात थांबेना.

मी ते पुन्हा ऐकलं. मग आणखी गाणं उतरवलं नाही.

मास्तरांना निरोप धाडला, तर ते दातांच्या डॉक्टरांकडे सांगलीला गेले होते. मामांना ऐकवून यायला वेळ होता का? होता, दोन तास. पण ते म्हणाले असते “शेवट बदल”, तर मला तो बदलता आला असता का? मला वाटत नाही. म्हणून गेले नाही. आजही मला यात धैर्य किती आणि भीती किती होती हे सांगता येत नाही.

कन्सोल मोकळा करायला वीस मिनिटं लागली. सगळे फेडर तळाला, सगळे नॉब मध्यावर. नावांची पट्टी ओढून काढली, ती बोटांना चिकटली. मग मोठं रीळ पुसायला लावलं. रीळ पुसायला गाण्याइतकाच वेळ लागतो. पुसणारं हेड आधी येतं आणि ऐकवणारं नंतर, त्यामुळे जे पुसलं जातंय ते शेवटचं एकदा ऐकूही येत नाही. पाच मिनिटं चाळीस सेकंद मी आठ मीटरांसमोर उभी होते. आठही काटे तळाशी पडून होते.

शनिवारी दुपारी मामांच्या कानाला हेडफोन लावला.

सुरुवातीला त्यांची डावी बोटं चादरीवर आपोआप हलायला लागली. माझ्याबरोबर, म्हणजे त्यांच्याबरोबरच. साधारण दोन मिनिटांनी ती मंदावली. मग थांबली. मामांनी मान किंचित तिरकी केली, एखादा अनोळखी माणूस काय बोलतोय ते समजून घ्यावं तशी. शेवट आला असेल तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत राहिले.

मी वॉकमन बंद केला, बटण खटकन वर आलं.

“रीळ हाय का पुसलंस?”

“पुसलं.”

“हम्म.”

“चुकलं का, मामा?”

त्यांनी हेडफोन एका कानावरून मागे सारला. मामी सफरचंद कापत होत्या, त्यांचाही हात थांबला.

“पुढं काय येणार ते मला कळत न्हवतं,” मामा म्हणाले. “माझ्या बोर्डावरचं गाणं, आणि मला कळंना. असं कधी झालं न्हवतं.” मग त्यांनी विचारलं, “शेवट कुणी सांगितला तुला?”

“कोणी नाही. आपोआप झाला.”

“आपोआप काय होत न्हाई.” त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “मी गाणं करतो ते बँडाबरोबर चालत. नवरदेवाच्या घोड्याजवळनं. हे तसं न्हाई. हे कुणीतरी घरात उभं राहून ऐकलंय. बँड आला, खालनं गेला, लांब गेला. आणि ऐकणारं हाय तिथंच.”

माझ्या खोलीची खिडकी मंगल कार्यालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. मार्च ते मे, जवळजवळ रोज एक वरात खालून जायची. मी स्टोव्ह बंद करून खिडकीत यायचे आणि ऐकत राहायचे. कोपऱ्यापलीकडे गेल्यावर आधी क्लॅरोनेट जायची, मग ट्रम्पेट, आणि ढोल कितीतरी वेळ राहायचा. खालचे स्वर लांबपर्यंत पोचतात, याचं कारण मला तोंडपाठ होतं. मी ते कारण मनात म्हणायचे आणि स्टोव्ह परत पेटवायचे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मलाच वाटलं नव्हतं.

“मिरजेत कोण हाय गं तुझं?” मामांनी विचारलं.

आठ महिन्यांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी वॉकमनची वायर गुंडाळायला लागले. ती आधीच गुंडाळलेली होती.

“कोणी नाही.”

“जेवतीस कुठं?”

“करते काहीतरी.”

मामांनी मामींकडे पाहिलं. “खैरून, उद्याधरनं डब्यात दोन भाकरी जास्त घाल.”

“तिच्या आवडीचं काय ते तरी विचारा,” मामी म्हणाल्या.

“ते तू इचार. मला गाणं ऐकू दे.” त्यांनी डाव्या हातानं हेडफोन चाचपला. “लाव परत. पहिल्यापास्नं.”

माझ्या वॉकमनला मागे नेण्याचं बटण नव्हतं. मी कॅसेट उलटी करून पुढे पळवली, पुन्हा सुलटी केली आणि लावली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मामींनी सफरचंदाची फोड माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, तिखट चालतं का. मी हो म्हणाले. मामा डोळे मिटून पडले होते. त्यांचा उजवा हात उशीवर होता आणि डावा चादरीवर, आणि या वेळी गाणं संपेपर्यंत दोन्ही हात सारखेच स्वस्थ होते.